फाइल छपाईला जाते तेव्हा

१८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना सुरू केला. यंत्रं जर्मनीहून आली आणि ती चालवणारे तंत्रज्ञही तिकडूनच आले. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला आणि त्याच तंत्रज्ञांपैकी फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची जी चित्रं घरोघरच्या भिंतींवर लागली, ती तिथल्या दगडांवरून छापलेली. चित्रात जितके रंग वेगळे काढायचे, तितके दगड लागत. कारागीर मूळ चित्र समोर ठेवून बसे. साडीच्या जांभळ्यात लाल किती, निळा किती, गालावरच्या सावलीत करडा किती, हे तो नजरेनं ठरवी आणि त्या त्या रंगाच्या दगडावर तेलकट खडूनं आणि शाईनं तेवढेच ठिपके देई. चित्रकारानं रंग कालवले होते, त्याची उलटी क्रिया हा माणूस करत होता. त्याचं नाव चित्राखाली छापलं जात नसे.

चित्रकार आणि यंत्र यांच्यामध्ये असा एक जाणता माणूस उभा असणं, ही त्यानंतरही कितीतरी वर्षं छपाईची रीत होती. ब्लॉकचा जमाना आला तेव्हा ब्लॉकमेकर होता. ऑफसेट आलं तेव्हा प्रोसेस कॅमेऱ्यावर काम करणारा होता. काचेच्या प्रकाशपेटीवर चार रंगांच्या फिल्म एकमेकींवर नेमक्या बसवणारा, धारदार पात्यानं त्या कापून चिकटवणारा स्ट्रिपर होता. चित्रकार पुठ्ठ्यावर आर्टवर्क करून द्यायचा, वर बटर पेपर लावून त्यावर पेन्सिलीनं सूचना लिहायचा, आणि काही राहून गेलं असेल तर ही मधली माणसं ते सांभाळून घ्यायची. कडेला रंग कमी पडतोय, ते वाढवून देत. अक्षर कटिंगमध्ये जाईल असं दिसलं, की आत सरकवत.

आज फाइल संगणकावरून थेट प्लेटवर जाते. या पद्धतीला सीटीपी म्हणतात. फिल्म नाही, त्यामुळे ती कापणारा हातही नाही. छापखान्यात फाइल तपासणारा माणूस अजून असतो, पण त्याच्यासमोर दिवसभरात अनेकांच्या फायली येतात आणि तुमच्या मनात काय होतं हे त्याला ठाऊक नसतं. फोटो फुटका आहे, रंग चुकीच्या पद्धतीत आहे, हे तो कळवू शकतो. त्याऐवजी काय हवं, हे तो ठरवू शकत नाही, आणि त्यानं ठरवूही नये. स्ट्रिपरला जे माहीत होतं ते सगळं आता फाइल करणाऱ्यानं फाइलमध्ये घालून द्यायचं आहे. हे प्रकरण त्या माहितीबद्दल आहे.

सुरुवात संगणकापासून करू नका, कागदापासून करा. अनेक जण आधी सॉफ्टवेअर उघडतात, समोर येईल त्या आकाराचं पान घेतात, सगळी मांडणी करतात आणि मग छापखान्यात विचारतात की हे पुस्तक कितीला पडेल. छापखाना पानांचा विचार करत नाही, मोठ्या तावांचा विचार करतो. ताव ठरावीक मापांचे येतात. इंचांत बोललं जातं: १८ बाय २३, २० बाय ३०, २३ बाय ३६. मराठी पुस्तकांचा नेहमीचा आकार म्हणजे डेमी एक-अष्टमांश, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. हा आकार तावाच्या घड्या घालून, कडा कापून उरलेला असतो. त्यात अर्धा इंच वाढवायची हौस केली तर प्रत्येक तावाची मोठी पट्टी रद्दीत जाऊ शकते आणि तिचे पैसे पुस्तकाच्या किमतीत येतात.

पृष्ठांच्या संख्येचंही तसंच. तावाच्या दोन्ही बाजूंना मिळून १६ पृष्ठं छापली की एक फॉर्म होतो. २४० पृष्ठांचं पुस्तक म्हणजे बरोबर १५ फॉर्म. तेच २४४ झालं तर चार पृष्ठांसाठी वेगळ्या प्लेटा आणि वेगळी छपाई. कविता संपादित करताना एक कविता कमी करायची की नाही, हा निर्णय अनेकदा इथे होतो, आणि त्यात काही गैर नाही. लेखकाला ही गोष्ट आधी कळली तर तो स्वतःच चार पृष्ठं काढतो किंवा बारा वाढवतो.

आता एक फाइल जवळून पाहू. डेमी आकाराचं, २४० पृष्ठांचं, परफेक्ट बाइंडिंगचं पुस्तक आहे आणि त्याचं कव्हर करायचं आहे. पुस्तकाचा आकार मिलिमीटरमध्ये १४० बाय २१६ धरू. कव्हर म्हणजे समोरचं पान, मागचं पान आणि मधला कणा, हे तिन्ही एकाच सपाट कागदावर येतात. कण्याची जाडी अंदाजानं टाकता येत नाही. २४० पृष्ठं म्हणजे १२० पानं. आतला कागद ०.१ मिमी जाडीचा असेल तर कणा १२ मिमी. प्रकाशकानं ऐनवेळी कागद बदलला, पुस्तक भरदार दिसावं म्हणून फुगीर, ०.१३ मिमी जाडीचा कागद घेतला, की कणा १५.६ मिमी होतो. साडेतीन मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात कण्यावरचं नाव एका बाजूला सरकतं आणि समोरच्या पानाचा रंग वळून कण्यावर येतो. म्हणून कागदाचं वजन, म्हणजे जीएसएम, कळून भागत नाही. ७० जीएसएमचे दोन वेगवेगळे कागद वेगवेगळ्या जाडीचे असतात. छापखान्याकडून जाडी विचारून घ्यावी, आणि त्याहून चांगलं म्हणजे त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्यावी आणि तिचा कणा पट्टीनं मोजावा.

कणा १२ मिमी ठरला, तर कव्हरची रुंदी १४० अधिक १२ अधिक १४०, म्हणजे २९२ मिमी. उंची २१६. फाइल मात्र २९८ बाय २२२ ची करायची. चारही बाजूंनी जे तीन-तीन मिलिमीटर वाढले ते ब्लीड. कटिंग मशीनमध्ये एका वेळी कागदाचा जाडजूड गठ्ठा जातो. वरून पातं खाली येताना गठ्ठा दाबला जातो आणि कागद केसभर हलतो. घडी घालतानाही थोडा फरक पडतो. रंग नेमका कापायच्या रेषेपर्यंतच असेल तर काही प्रतींच्या कडेला पांढरी चीर राहते. रंग रेषेच्या बाहेर ३ मिमी गेलेला असेल तर पातं कुठेही पडो, कड रंगीतच निघते. हाच हिशेब आतल्या बाजूलाही लावायचा. नाव, चित्रातला चेहरा, प्रकाशकाचं बोधचिन्ह हे कापायच्या रेषेपासून निदान ५ मिमी आत ठेवावं. कडेनं बारीक चौकट काढायचा मोह टाळावा, असं मी तर आग्रहानं सांगेन. पातं एक मिलिमीटर हललं की चौकट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ दिसते, आणि वाचकाच्या डोळ्याला तो फरक लगेच कळतो.

आतल्या पानांत कण्याकडच्या समासाकडे असंच लक्ष द्यावं लागतं. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फॉर्मची पाठ खरवडून तिला गोंद लावतात, त्यात काही मिलिमीटर जातात, आणि पुस्तक पूर्ण उघडत नाही त्यामुळे आणखी काही झाकले जातात. आतला समास १८ ते २० मिमी ठेवला तर वाचणाऱ्याला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवावं लागत नाही.

फोटोंकडे वळण्याआधी छपाईचं यंत्र काय करतं ते पाहिलं पाहिजे, कारण ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलचा, जो आकडा सगळे सांगतात तो तिथून येतो. ऑफसेट यंत्राला फिकी शाई देता येत नाही. प्लेटवर शाई लागते किंवा लागत नाही, मधलं काही नाही. प्लेटवरची शाई रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर जाते. फिका गुलाबी हवा असेल तर पूर्ण रंगाचे बारीक ठिपके आणि त्यांच्यामध्ये भरपूर कोरा कागद, असं करून डोळ्याला फसवावं लागतं. चांगल्या आर्ट पेपरवर एका इंचात अशा ठिपक्यांच्या १५० किंवा १७५ ओळी असतात. वर्तमानपत्राच्या कागदावर त्या १०० च्या आसपास येतात, कारण तो कागद शाई शोषतो आणि ठिपका पसरतो. एक ठिपका नीट घडवायला फाइलमधले साधारण दुप्पट पिक्सेल लागतात. १५० ची दुप्पट ३००. एवढंच त्या आकड्याचं मूळ आहे. वर्तमानपत्रासाठी २०० पुरतात. हातानं काढलेलं रेखाचित्र किंवा कुणाची सही ठिपक्यांविना, धारदार छापायची असेल तर ३०० अपुरे पडतात, ती १,२०० वर स्कॅन करावी.

हा आकडा छापल्या जाणाऱ्या आकाराशी बांधलेला आहे. आपल्या कव्हरच्या समोरच्या पानभर एक फोटो घ्यायचा तर ब्लीड धरून त्याला सुमारे १,७२५ बाय २,६२० पिक्सेल लागतील. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो वाटेत लहान केला जातो. त्याची लांब बाजू १,६०० पिक्सेलवर आली असेल तर ३०० च्या हिशेबानं तो फक्त सव्वापाच इंच पुरतो. कव्हरच्या उंचीला ताणला की डोळ्यांच्या पापण्या पुसट होतात, केसांचा एकच डाग होतो. सॉफ्टवेअरमध्ये ३०० हा आकडा नुसता टाइप केल्यानं गेलेला तपशील परत येत नाही. फोटो पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. संस्थेचं बोधचिन्ह मात्र पिक्सेलमध्ये घेऊच नये. ते कधी ना कधी कुणीतरी कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये केलेलं असतं, ती मूळ फाइल मागावी, ती कितीही मोठी करता येते.

जुन्या अंकातला किंवा ग्रंथातला छापील फोटो पुन्हा छापताना वेगळीच अडचण येते. त्या फोटोत आधीच ठिपक्यांची जाळी असते. तो स्कॅन करून नव्या जाळीनं छापला की दोन जाळ्या एकमेकींत गुंततात आणि चेहऱ्यावर लाटांसारखे पट्टे उठतात. स्मरणिका आणि चरित्रग्रंथांत हे फार दिसतं, आणि ज्या माणसाच्या सन्मानार्थ ग्रंथ काढला त्याचाच चेहरा असा छापलेला पाहून वाईट वाटतं. स्कॅनरमध्ये जुनी जाळी काढून टाकायची सोय असते, ती वापरावी. मूळ फोटो घरच्यांकडे मिळाला तर फारच उत्तम.

रंगाचा विषय मोठा आहे आणि तो घाईनं उरकण्यासारखा नाही.

पडद्यावरचा रंग हा प्रकाश आहे. लाल, हिरवा, निळा प्रकाश एकत्र आला की पांढरा होतो. याला आरजीबी म्हणतात. कागदावरची शाई प्रकाश शोषून घेते. सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा, या चार शायांतून सगळं काढावं लागतं. ही सीएमवायके पद्धत. पडद्याला जमणारे कितीतरी रंग या चार शायांच्या आवाक्याबाहेर आहेत. झगझगीत पोपटी, निऑन गुलाबी आणि आपल्याकडे ज्याची सर्वांत जास्त तक्रार येते तो तेजस्वी भगवा. मोबाइलवर पेटल्यासारखा दिसणारा भगवा कागदावर विटकरी होतो. त्याचं कारण बहुधा सायन असतो. भगवा मजेंटा आणि पिवळ्यातून तयार होतो, म्हणजे पिवळा १०० टक्के आणि मजेंटा ६० ते ७०. फोटोतून किंवा आपोआप झालेल्या रूपांतरातून त्यात दहा टक्के सायन शिरला तरी रंग मळतो, कारण सायन हा त्याचा विरोधी रंग आहे. झेंडा, फेटा, उत्सवाचं पत्रक असं काही छापायचं असेल तर त्या भागातला सायन तपासून शून्यावर आणावा. निळ्याचं उलटं होतं. पडद्यावरचा शुद्ध निळा कागदावर जांभळा होतो, कारण त्यात सायनइतकाच मजेंटा भरला जातो. मजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवला की निळा निळाच राहतो.

आणि तरीही पडद्यासारखा रंग येणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं. ज्या संस्थेला तिचा नेमका रंग हवाच आहे तिच्यासाठी पाचवी शाई वापरता येते, डब्यात आधीच मिसळून घेतलेली. लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३ साली पँटोनची क्रमांक पद्धत आणली ती याच गरजेतून, म्हणजे एका गावात सांगितलेला रंग दुसऱ्या गावात तोच मिळावा. सोनेरी आणि चंदेरी रंग चार शायांतून निघतच नाहीत, त्यांना स्वतंत्र शाई किंवा फॉइल लागतं. फाइलमध्ये हा रंग स्पॉट म्हणूनच ठेवावा. तो नकळत चार रंगांत रूपांतरित झाला तर सोनेरीच्या जागी मोहरीचा पिवळा छापला जातो.

चार प्लेटांच्या जाळ्या एकमेकींवर सरळ पडल्या तर वर सांगितले तसे पट्टे उठतील, म्हणून प्रत्येक जाळी वेगळ्या कोनात असते. काळी ४५ अंशांत, मजेंटा ७५, सायन १५ आणि पिवळी शून्यावर. पिवळा डोळ्याला सर्वांत कमी जाणवतो म्हणून त्याला उरलेली अवघड जागा दिली आहे. आर्ट पेपरवर छापलेलं कुठलंही मासिक भिंगाखाली धरलं तर या चार जाळ्यांची मिळून बारीक फुलं झालेली दिसतात. हे एकदा पाहावं. पुढच्या काही गोष्टी मग सांगाव्या लागत नाहीत.

काळ्या रंगाची गोष्ट त्यातलीच आहे, आणि मजकुराच्या दृष्टीनं ती सर्वांत महत्त्वाची. वर्डमधून आलेला काळा मजकूर पडद्याच्या पद्धतीतला काळा असतो. त्याचं नेहमीच्या एका प्रोफाइलनं चार रंगांत रूपांतर झालं की सायन ७५, मजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० असे आकडे येतात. पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. यंत्रावर मात्र प्रत्येक अक्षर चार वेळा छापलं जातं. कागद यंत्रातून जाताना एखादी प्लेट केसभर सरकली की अक्षराला एका बाजूनं गुलाबी आणि दुसऱ्या बाजूनं निळी कड येते. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीला याचा त्रास जास्त होतो. आपल्याकडे ११ पॉइंटातला अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरच्या घरातला ठिपका असतो. रफार, चंद्रबिंदू, उकाराचं शेपूट हे सगळं तितकंच नाजूक. चार रंगांत तो अनुस्वार गोल राहत नाही, त्याचा धुरकट ठसा होतो. म्हणून मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, काळा १०० आणि बाकी तिन्ही शून्य, असाच ठेवायचा. रंगीत पार्श्वभूमीवर काळी अक्षरं असतील तर ती ओव्हरप्रिंट करावीत, म्हणजे पार्श्वभूमीच्या रंगावरच छापावीत. पार्श्वभूमीत अक्षरांच्या आकाराची पांढरी भोकं पाडून त्यांत काळा बसवायला गेलं, तर थोड्या सरकण्यानंही पांढरी कड डोकावते.

कव्हरवर मोठा काळा पट्टा असेल तर हिशेब उलटा होतो. तिथे नुसता काळा पाटीसारखा करडा दिसतो. त्याखाली सायन ६०, मजेंटा ४०, पिवळा ४० असा आधार दिला की तो खोल होतो. पण त्यालाही मर्यादा आहे. चारही रंगांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या फार पुढे जाऊ देऊ नये, वर्तमानपत्राच्या कागदावर २४० च्या पुढे. जास्त शाई वाळत नाही आणि एका तावाची शाई वरच्या तावाच्या पाठीला लागते. याच कारणानं सॉफ्टवेअरमधला रजिस्ट्रेशन नावाचा रंग पानावर कुठेही वापरू नये. तो काळा दिसतो, पण चारही प्लेटांवर शंभर-शंभर टक्के असतो. तो फक्त कोपऱ्यातल्या जुळणीच्या खुणांसाठी आहे. आणि काळ्या पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं, ज्याला छापखान्यात रिव्हर्स म्हणतात, ती द्यायचीच असतील तर जाड वळणाचा फॉन्ट घ्यावा. बारीक रेषा चारही बाजूंच्या शाईनं बुजतात, आणि जोडाक्षरं आधी बुजतात.

देवनागरी मजकुराची आणखी एक बाजू आहे आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तकांत तिच्याबद्दल काही मिळत नाही. मराठीचं डीटीपी कित्येक वर्षं पेजमेकर आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फॉन्टांवर चाललं. या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी चिन्हंच होती, फॉन्टमुळे ती मराठी दिसत. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की पानभर निरर्थक चिन्हं. अशी हजारो पुस्तकं आजही प्रकाशकांच्या संगणकांवर पडून आहेत आणि त्यांची नवी आवृत्ती काढायची तर मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. हे रूपांतर आपोआप होतं, पण निर्दोष होत नाही. काना-मात्रेच्या जागा, अवतरणचिन्हं, आकडे हे एकेक करून पाहावे लागतात.

युनिकोड आलं म्हणून सगळं सुटलं असं नाही. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्त दाखवत सुटी होतात. हा दोष ठसठशीत आहे, तो कुणालाही दिसतो. जास्त घातक आहे तो आडव्या र चा. मराठीत आचाऱ्याला आणि आचार्याला हे दोन वेगळे शब्द आहेत. हा आडवा र बऱ्याचदा एका अदृश्य चिन्हाच्या आधारावर टाइप केलेला असतो, आणि मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना ते चिन्ह गळून पडू शकतं. मग दुसऱ्या, वाऱ्या, पायऱ्या या सगळ्यांवर रफार चढतो. शब्द वाचता येतो, म्हणून घाईच्या प्रूफात तो सुटतो. मजकूर पानांत बसवल्यावर निदान या एका गोष्टीसाठी पूर्ण पुस्तक पुन्हा चाळावं. ल आणि श यांची मराठी वळणं काही फॉन्टांत असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय ती दिसत नाहीत आणि हिंदी वळणं छापली जातात. हे माझ्या दृष्टीनं क्षुल्लक नाही. मराठी वाचकाचा डोळा त्या वळणांवर वाढलेला आहे.

फॉन्टची भीती घालवायला बरेच जण सगळा मजकूर कर्व्हमध्ये बदलतात, म्हणजे अक्षराचं चित्र करून टाकतात. कव्हर, निमंत्रणपत्रिका, पोस्टर यांना ते योग्य आहे. पूर्ण पुस्तकाला मी ते करू देणार नाही. फाइल जड होते, शेवटच्या क्षणी एक वेलांटी सुधारता येत नाही, आणि नंतर त्या पीडीएफमध्ये एक शब्दही शोधता येत नाही. पुस्तकाच्या पीडीएफमध्ये फॉन्ट समाविष्ट करावा. पत्रिका कर्व्ह करण्याआधी घरातल्या मोठ्यांकडून नावं, नाती आणि मुहूर्ताची वेळ पाहून घ्यावी, आणि न बदललेली प्रत वेगळी ठेवावी.

पीडीएफ १९९३ पासून आहे, पण कोणतीही पीडीएफ छपाईला चालते असं नाही. छपाईसाठी तिचा पीडीएफ/एक्स हा कडक प्रकार ठरवलेला आहे. त्यातल्या एक्स-१ए मध्ये आरजीबी रंगाला जागाच नाही, फॉन्ट आत असलेच पाहिजेत आणि सावल्या, पारदर्शक थर हे आधीच सपाट करून ठेवलेले असतात. नंतरच्या एक्स-४ मध्ये पारदर्शकता जिवंत राहते आणि ती यंत्राकडे जाताना सोडवली जाते. कोणता हवा हे छापखान्याला विचारावं, जुन्या व्यवस्थेत एक्स-१ए निर्धोक. पीडीएफ झाल्यावर ॲक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रीव्ह्यू उघडून एकेक प्लेट बंद करून पाहावी. काळी प्लेट बंद केल्यावर मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. त्याचं भूत मागे राहिलं तर तो चार रंगांत आहे. तिथेच ओव्हरप्रिंटही तपासावं. पांढऱ्या अक्षरांना चुकून ओव्हरप्रिंट लागलं असेल तर ती पडद्यावर दिसतात आणि कागदावर गायब होतात, कारण पांढरी शाई यंत्रात नाहीच.

लॅमिनेशन, स्पॉट यूव्ही, फॉइल, डाय कटिंग यांसाठी नियम सोपा आहे. जिथे तो परिणाम हवा तेवढाच आकार वेगळ्या पानावर, त्याच मापात, १०० टक्के काळ्यात द्यायचा. दोन घड्या घालून तीन भाग होणाऱ्या पत्रकात आत जाणारा भाग दोन-तीन मिलिमीटर अरुंद ठेवायचा. ए-४ चे २९७ मिमी तीन समान भागांत वाटले तर आतलं पान घडीत अडकून मुडपतं, १००, १०० आणि ९७ अशी वाटणी करावी.

प्रूफ पाहताना ते कशावर काढलं आहे हे विचारा. ऑफिसच्या प्रिंटरवरची प्रत मजकूर आणि मांडणी तपासायला उपयोगी आहे, रंगासाठी नाही. रंग पाहायचा तर छापखान्याच्या प्रोफाइलवर काढलेलं प्रूफ घ्यावं आणि ते ५,००० केल्विनच्या प्रकाशात किंवा निदान दिवसाच्या उजेडात खिडकीशी पाहावं. पिवळ्या दिव्याखाली भगवा सुंदर दिसतो आणि निळा मरतो. मोठं काम असेल तर यंत्रावर पहिले ताव निघताना स्वतः जावं. ऑपरेटर शाई वरखाली करू शकतो, पण एका पट्ट्यातली शाई वाढवली की त्याच पट्ट्यात येणाऱ्या पुढच्या पानांचाही रंग बदलतो, म्हणून त्याच्याकडे अमर्याद मोकळीक नसते. जो ताव पसंत पडेल त्यावर सही करावी. पुढची सगळी छपाई त्या तावाशी जुळवली जाते, आणि नंतर वाद झाला तर तोच पुरावा.

छापखान्याला पीडीएफ देताना सोबत एका कागदावर तयार आकार, पृष्ठसंख्या, कागदाचं नाव आणि वजन, रंगांची संख्या, बाइंडिंग आणि प्रती लिहून द्याव्यात, आणि घड्या घालून पानांचे आकडे टाकलेली हातानं केलेली छोटी डमी. छपाई झाल्यावर मूळ फाइल, तिला जोडलेले सगळे फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये बांधून ठेवावेत. छपाईच्या वेळी छापखान्यात सुधारलेली चूक मूळ फाइलमध्येही त्याच दिवशी सुधारावी, नाहीतर ती दुसऱ्या आवृत्तीत परत येते. फोल्डरच्या नावात फायनल हा शब्द घालू नये, आवृत्ती आणि तारीख घालावी.